विझेनात त्या खुर्च्या

मी सेफिनाच्या टेबलावरचा माऊस बोलतोय. मला शेपटी आहे, पोटाखाली लाल दिवा आहे, आणि मांजराची भीती बिलकूल नाही! कुठल्याशा कारखान्यात जन्मलो, खोक्यात बसून समुद्र ओलांडला आणि आपिया बंदराच्या बाजारातून सेफिनाच्या हाती आलो. पोरगी प्रोग्रॅम लिहिते. लिहिते कसली, दिवसभर मला पळवते.

तेव्हा ती बोटीच्या तिकीट-कचेरीसाठी बसायच्या जागांचा नकाशा करत होती. पडद्यावरचा माझा बाण खुर्चीवर गेला की खुर्ची हिरवी पेटायची आणि बाण सरकला की विझायची. विझायला हवी होती, म्हणा! पहिली शहाण्यासारखी विझली. दुसरीपासून मात्र पेटलेली पेटलेलीच. बघता बघता सगळी बोट हिरवीगार!

सोमवारी काम दाखवायचं होतं. जमलं नाही, तर कचेरी ऑकलंडहून तयार प्रोग्रॅम आणणार होती. आणि कचेरीत तिकिटं देणारी लागी आत्या तर "माझ्या भाचीचा प्रोग्रॅम येतोय" म्हणून गावभर सांगून बसलेली.

शनिवारी दुपारी सेफिनाने मला आपटलं. "हाच मेला बिघडलाय!"

घ्या! करायचं कुणी आणि भोगायचं कुणी! मला फार वाईट वाटलं.

ती तणतणत कोको आणायला उठली. चटईवर आत्या आणि तिच्या पाहुण्या बसल्या होत्या. जाताना सेफिना वाकून "तुलोऊ" म्हणाली. वडीलधाऱ्यांसमोरून जाताना आमच्याकडे तसं, म्हणजे 'माफ करा', म्हणतातच. येताना मात्र कप घेऊन ताठ निघाली.

"अगं ए! तुलोऊ कुठे गेलं?" आत्या कडाडली.

"मगाशी म्हटलं ना, आत्या!"

"मगाशी म्हटलंस ते मगाशी संपलं! आता काय, एकदा म्हणून वर्षभर पुरवणार आहेस?"

पाहुण्या खदखदून हसल्या. "मगाशीचं मगाशी संपलं..." सेफिना कप हातात धरून पुटपुटली. मग खाली वाकून "तुलोऊ, तुलोऊ!" करत धावतच टेबलाशी आली.

त्याचं असं आहे. बाण खुर्चीवरून बाहेर पडला की कळव, अशी विनंती प्रोग्रॅमने संगणकाला करावी लागते. तो एकदा कळवतो आणि ती विनंती तिथेच संपते. सेफिनाने ती फक्त पहिल्या खुर्चीच्या वेळी केली होती. आता तिने बाण खुर्चीवर येईल तेव्हा दर वेळी ती नव्याने करायला लावली. मला फिरवलं. एक पेटली, विझली. दुसरी पेटली, विझली! आनंदाने माझं चाक गरगरलं असतं, पण ते तिच्या बोटाखाली होतं.

"आत्या, विझतायत गं!" तिने आत्याला मिठीच मारली.

सोमवारी कचेरीने प्रोग्रॅम घेतला आणि मलाही. आज मी लागी आत्याच्या हाताखाली असतो. डावं बटण झिजून गुळगुळीत झालंय, पण तक्रार नाही. तुमच्या माऊसवर ओरडण्याआधी एकदा आपलं लिहिलेलं तपासा, एवढंच मागणं.

आत्याचा कप माझ्या पलीकडे असतो. तो घ्यायला ती माझ्या डोक्यावरून हात नेते आणि दर वेळी, न चुकता, मला म्हणते, "तुलोऊ."