टायपिस्टबाईंची दुसरी प्रत

पणजोबा दगडावर अक्षरे कोरीत, आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवीत, आणि वडील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवीत. तीन पिढ्या अक्षरांवर जगल्या. पण राहत्या घराचा एक कागद म्हणून तिघांपैकी कोणाच्या हाती कधी आला नाही. तिघेही मालकाच्या शब्दावर खोलीत शिरले आणि मालकाच्याच शब्दावर बिऱ्हाड डोक्यावर घेऊन बाहेर पडले. चौथ्या पिढीत टायपिस्टबाई. कचेरीसमोर टेबल मांडून त्यांना चाळीस वर्षे झाली होती. गावातल्या निम्म्या भाडेकरारांची कलमे त्यांच्या बोटांखालून गेली होती. स्वतःच्या दोन खोल्यांसाठी मात्र एक ओळही कोणी लिहिली नव्हती.

आणि त्या शनिवारी सकाळी घराचे धाकटे मालक नेमके याच गोष्टीवर बोट ठेवून दारात उभे होते.

"मावशी, पंधरा दिवस देतो. खोल्या मोकळ्या करा."

"भाडं थकलंय का आमचं?"

"कसलं भाडं? आईनं तुम्हाला दयेपोटी ठेवून घेतलं होतं. पाहुण्यांसारखं. भाडेकरू असाल तर कागद दाखवा की!"

आतून वन्सं बाहेर आल्या. वन्सं म्हणजे बाईंची विधवा नणंद. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. "एकतीस वर्षांचा पाहुणचार? अरे, मग चहा तरी विचारायचास कधी!"

धाकटे मालक गेले. दुपारी नळाला पाणी आले नाही. अंगणातला कॉक कोणीतरी बंद करून त्याला कुलूप घातले होते.

वन्संचे अवसान तिथे गळाले. "वहिनी, माझ्या भाच्याकडे विचारून बघू का? त्याच्याकडे जिन्याखाली जागा आहे म्हणे."

"जिन्याखाली झाडू ठेवतात, वन्सं. माणसं नव्हे," टायपिस्टबाई म्हणाल्या. "घागर घ्या. आज शेजारून आणू. उद्याचं मी बघते."

करार लेखी नसला म्हणून तो नाहीसा होत नाही, हे त्यांना पाठ होते. राहणे खरे, भाडे देणे खरे, मालकाने ते घेणे खरे. एवढे सिद्ध झाले की भाडेकरूला हुकमावाचून हलवता येत नाही आणि त्याचे पाणीही तोडता येत नाही. हे त्यांनीच कितीतरी जणांच्या अर्जांत टाइप केले होते. अडचण सिद्ध करण्याची होती. भाडे दर एक तारखेला हातोहात जाई. पावती मागायची त्यांना लाज वाटे. दुसऱ्यांना शंभरदा बजावलेली गोष्ट त्यांनी स्वतः एकतीस वर्षे केली नव्हती, आणि ती चूक आता अंगाशी आली होती.

पण त्यांची एक जुनी खोड होती. टाइप केलेल्या प्रत्येक कागदाची कार्बनची प्रत त्या ठेवून घेत. लोक कागद हरवतात आणि वर्षांनी रडत परत येतात, हा त्यांचा अनुभव. साल घालून बांधलेले ते गठ्ठे पलंगाखाली होते. इतके, की पलंगाला विटा लावून उंच करावे लागले होते आणि वन्संना त्यावर स्टूल घेऊन चढावे लागे.

तीन दिवस बाईंनी कामाला सुट्टी दिली आणि गठ्ठे सोडले. चौथ्या दिवशी त्यांना हवे ते मिळाले. तेवीस वर्षांपूर्वी धाकट्या मालकांचे नवे लग्न झाले होते. त्यांना दुसरी नळजोडणी हवी होती. अर्ज बाईंनीच फुकट टाइप केला होता, दाखलही स्वतः केला होता, आणि कोपऱ्यात आवक क्रमांक पेन्सिलीने टिपला होता.

भाडे नियंत्रण कचेरीत बाईंनी टाकलेल्या अर्जाच्या सुनावणीला वन्सं हट्टाने आल्या. धाकटे मालक कडक इस्त्रीत होते. अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "हा कागद तुमच्याच यंत्रावर टाइप झालेला दिसतो."

"तेच म्हणतो मी!" मालक उसळले. "काल रात्रीसुद्धा बडवला असेल!"

"बरोबर आहे त्यांचं," टायपिस्टबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या प्रतीवर विश्वास ठेवू नका. ही पाणी खात्याच्या दप्तरातली शिक्क्याची नक्कल. क्रमांकावरून काढून घेतली. खाली सही कोणाची, ते तेच सांगतील."

अधिकाऱ्यांनी मोठ्याने वाचले. "'माझ्या घरात दोन खोल्यांत आठ वर्षांपासून भाडेकरू कुटुंब राहते. ते भाडे वेळेवर देतात व सज्जन आहेत, परंतु पाणी फार वापरतात...'"

"आम्ही?" वन्सं ताडकन उठल्या. गुडघ्यांचे त्यांना भान राहिले नाही. "आम्ही पाणी फार वापरतो? अरे, तुझ्या बायकोची न्हाणी सकाळी दोन तास..."

"वन्सं, बसा."

अधिकाऱ्यांनी हसू मिशीत दाबले आणि कागद मालकांपुढे सरकवला. "सही तुमची?"

मालकांनी सही पाहिली. मग मान हलली.

निकाल त्याच संध्याकाळी हाती आला. भाडेकरूपण मान्य, कॉक तत्काळ उघडावा, भाड्याची पावती दरमहा द्यावी. दिवे लागायच्या आत नळ धो धो वाहू लागला. वन्संनी घरातले होते नव्हते ते भांडे भरले आणि वर मालकांच्या मजल्याकडे तोंड करून ओरडून सांगितले, "फार वापरतोय हो आम्ही! बघून घ्या!"

दुसऱ्या दिवशी टायपिस्टबाई ठेवणीतले लुगडे नेसून जिना चढल्या. धाकटे मालक खुर्चीतून अर्धवट उठले. बाईंनी एक पाकीट टेबलावर ठेवले.

"हे काय आणखी?"

"आमचे हे गेले त्या वर्षीचं चार महिन्यांचं भाडं. तुमच्या आईंनी मागितलं नाही. मी न्यायचे, त्या परत पाठवायच्या. 'मुलीचं शिक्षण होऊ दे आधी' म्हणायच्या. मग त्याही गेल्या."

"मला... मला तर माहीतच नव्हतं, मावशी."

"मला होतं."

"मग इतकी वर्षं..."

"मुलगी कमावती झाली तेव्हाच द्यायचं. राहून गेलं, दोष माझा. पण परवा दिलं असतं, तर घर वाचवायला दिलं असं झालं असतं. आज मला कोणी हलवू शकत नाही. म्हणून आज देते."

मालकांनी पाकीट उघडले. गोंधळून म्हणाले, "हे जास्त आहे. तेव्हाचा दर..."

"आजच्या दरानं धरलंय. तुमच्या आईंचा शब्द स्वस्त झालेला नाही."

धाकट्या मालकांनी मान खाली घातली. खणातून कागद काढला, पेन शोधले, दोनदा खोडले. बाई उभ्याच होत्या. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत. शेवटी मालकांनी पावतीचा कागद पुढे केला. टायपिस्टबाईंनी चष्मा लावून तो सवयीने शब्दन् शब्द तपासला.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.

मालकांनी तारीख घातली.