सातपुडा नसलेलं चित्र

बुलढाण्यात उद्धवरावांना वेडा म्हणणारे पुष्कळ होते, आणि खोटं कशाला बोला, त्यांनी लोकांची तशी सोयही करून ठेवली होती. चित्रकलेच्या मास्तरकीतून मोकळे झाल्यापासून हा माणूस रोज सकाळी स्कूटीवर पायाशी कागद लावायची लाकडी फळी उभी करून घाटाच्या कडेला जायचा, उत्तरेकडे तोंड करून दगडावर बसायचा आणि तोच देखावा जलरंगात रंगवायचा. घाटाखालची शेतं, मोताळ्याकडे उतरणारा रस्ता, त्यापलीकडचा धुरकट सपाट मुलूख आणि हवा स्वच्छ असली तर सगळ्यांच्या मागे सातपुड्याची निळी रेघ. रोज तेच. फिरायला येणारे पेन्शनर विचारायचे, "काय सर, कालचं बिघडलं का?" सर हसायचे आणि हातातला ब्रश पाण्याऐवजी चहाच्या कपात बुडवायचे.

पण चित्र घाटावर पुरं व्हायचं नाही. ते पुरं व्हायचं घरी, बायकोसमोर. प्रेमला जामोदकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. सरकारी कचेरीत कारकुनी करता करता जन्म गेला. रंगातलं मले काई समजत नाही, असं ती आधी सांगून टाकायची आणि लगेच नावं ठेवायला बसायची. "हा डोंगर हाय का वाळू घातलेली गोधडी? आभाळ असं पातळ काऊन झालं, पाहुणे वाढले म्हून वरणात पाणी ओतल्यावानी? अन् हे झाड इथं कोणी लावलं? तुमच्या बापानं?" उद्धवराव चिडायचे, अबोला धरायचे, जेवताना फक्त "मीठ" म्हणायचे. पण दुसऱ्या दिवशी घाटावर बसले की आभाळ दाट व्हायचं आणि झाड गायब व्हायचं. तिचं बरोबर असायचं, हीच तर पंचाईत होती!

पोळ्याच्या आदल्या दिवशी प्रेमला स्वयंपाकघरात कोसळली. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलतं करत राहा. जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच येतं." पुण्याहून मुलगी आली, भार्गवी. राहिली, रडली, रजा संपली म्हणून परत गेली. मोबाईलवर ती बोलण्याचे व्यायाम पाठवायची. उद्धवराव बायकोसमोर बसून "आ" करायचे, "ई" करायचे, गाल फुगवायचे. प्रेमला त्यांच्याकडे बघायची आणि मग तिची नजर हळूच सरकून पंख्यावर जायची. त्या नजरेत काहीच नसायचं. राग नाही, लाज नाही, ओळख होती की नाही हेही सांगता यायचं नाही.

दिवाळी आली तशी गेली. उद्धवरावांनी घाट सोडला नाही. शेजारच्या धम्मशीलाबाई, नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, सकाळी येऊन बसायच्या. "जा सर, तुमी चित्र काढून या, मी हाय इथं," म्हणायच्या. लोकांना वाटायचं, बघा, बायको अंथरुणात आणि ह्या बाबाला छंद सुचून राह्यला. लोकांचं काय जातं बोलायला! हा माणूस देव पाण्यात घालून बसला होता. रोज घरी येऊन तो चित्र प्रेमलासमोर उशीला टेकवून उभं करायचा आणि श्वास रोखून वाट बघायचा. त्याला बाकी काही नको होतं. तिनं पुन्हा चालावं, स्वयंपाक करावा, असलं काही मागणंच नव्हतं. तिनं एकदा चित्राला नावं ठेवावीत. नावं ठेवली की समजायचं, प्रेमला आत शाबूत आहे, नुसतं दार अडकलंय.

पण ती बोलेना. आणि एका सकाळी, आभाळाचा रंग सुकायची वाट बघत असताना, उद्धवरावांच्या डोक्यात आलं की चूक आपलीच आहे. आपण चित्रं बरी काढून राह्यलो! बऱ्या चित्राला ती काय बोलणार? तिला चीड येईल असं काहीतरी पाहिजे.

ज्या माणसानं कधी मुद्दाम वाकडी रेघ ओढली नव्हती, तो वाकडं काढायला लागला. आधी मोताळ्याच्या रस्त्याला नारळाची झाडं लावली. प्रेमला गप्प. मग कपाशीच्या शेतात निळंशार पाणी सोडून त्यात शिडाची होडी घातली. प्रेमला गप्प. मग सूर्यच उत्तरेला उगवला, सातपुड्याच्या डोक्यावर, हा एवढा लालभडक. "काय वं, पाह्यलं का? सूर्य कुठी निंगाला?" त्यांनी तिच्या कानाशी जाऊन विचारलं. तिच्या तोंडातून लाळ आली. त्यांनी ती पुसली आणि चित्र पलंगाखाली सारलं.

रोज संध्याकाळी भार्गवीचा फोन यायचा. "बाबा, काही फरक?"

"होईल."

"तुम्ही दोघं इकडेच या ना आता. किती दिवस एकटे ओढणार?"

"होईल म्हणलं ना!" आणि फोन ठेवून ते भिंतीकडे बघत बसायचे. डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरून राह्यले होते.

शेवटी उरलं ते एकच. त्यांच्या मनात ते आधीपासून होतं, पण हात धजत नव्हता. थंडीतली लख्ख सकाळ होती. सातपुडा असा दिसत होता की वाटावं, हात लांबवला तर लागेल. घड्या दिसत होत्या, सावल्या दिसत होत्या. अशी हवा वर्षातून थोडेच दिवस मिळते. उद्धवरावांनी कागद ओला केला, आभाळ उतरवलं, शेतं रंगवली, रस्ता रंगवला. जीव ओतून रंगवलं सगळं. आणि सातपुडा काढलाच नाही. आभाळ सरळ खाली आणून शेतांना भिडवलं. डोंगराच्या जागी काही म्हणजे काहीच नाही. लग्नानंतर प्रेमला रुसली की ह्याच कडेला येऊन उभी राहायची, तो माझ्या माहेरचा डोंगर म्हणायची. तो त्यांनी पुसून टाकला होता. आपण कोणाचा तरी गळा दाबतोय असं त्यांना वाटत होतं. परतताना फळी दोनदा पायावरून घसरली.

घरी धम्मशीलाबाई प्रेमलाचे केस विंचरत होत्या. उद्धवरावांनी चित्र उशीला टेकवलं. चप्पलही काढली नव्हती.

"पाह्य, प्रेमला. नीट पाह्य."

प्रेमलानं पाहिलं. ह्या वेळेस नजर सरकली नाही. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. ओठाची चांगली बाजू हलली. घशात काहीतरी खरखरलं. उद्धवराव गुडघ्यावरच बसले.

"छान," प्रेमला म्हणाली.

धम्मशीलाबाईंच्या हातातली फणी पडली. "सर! बोलल्या! आवो, बोलल्या ना प्रेमलाताई!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांनीच भार्गवीला व्हिडिओ कॉल लावला. भार्गवी ऑफिसात उभ्या उभ्या रडायला लागली. "आई, कशी आहेस गं?"

"छान."

"बाबा, ऐकलंत? आई छान आहे म्हणते! बाबा, तुम्ही बोलत का नाही?"

"हाव," उद्धवराव म्हणाले. "ऐकलं."

उभ्या संसारात ह्या बाईनं त्यांच्या एका चित्राला छान म्हटलं नव्हतं. कुणी पाहुणा म्हणाला तरी ती नाक मुरडायची. त्या एका शब्दासाठी तरुणपणी ते किती झुरले होते! आणि आता तो मिळाला, तिच्या डोंगराचा पत्ता नसलेल्या कागदाला.

धम्मशीलाबाईंनी चहा पाजला. "छान." कडू गोळी दिली, अंग चेपताना दुखरा खांदा उचलला, तोंड वेदनेनं वाकडं झालं, तरी "छान." धम्मशीलाबाई दर वेळी टाळ्या वाजवत होत्या. मग तोंड गोड करायचं म्हणून स्वयंपाकघरात गेल्या.

खोलीत दोघंच राहिले. उद्धवरावांनी चित्र उलटं केलं, आभाळ खाली आणि शेतं वर.

"छान."

त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला. तिच्यासमोर धरला. प्रेमलानं मन लावून तो पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी मघासारखाच.

"छान."

"प्रेमला," ते तिच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकवून म्हणाले, "शिव्या दे मले. बापाचं नाव घे. काईही म्हण वं, पण हे नको म्हणू."

तिनं डावा हात उचलला, चाचपडत त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि लहान लेकराला थोपटावं तसं थोपटलं. "छान," म्हणाली, "छान, छान."

रव्याचा खमंग वास खोलीत आला. "सर, शिऱ्यात इलायची घालू का?" आतून धम्मशीलाबाईंनी आनंदानं विचारलं. उद्धवरावांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याच्यानं हो म्हणवलं नाही.