ठिपकीची नखं आणि माझा हात

मित्रांनो, मी एक जुनी गादीची खुर्ची आहे. जुनी असले तरी मोडकी नाही, हे आधीच सांगून टाकते. मी ज्यांच्या घरात राहते, त्या काकूंच्या यजमानांनी, म्हणजे सुतारकाकांनी माझा सांगाडा बनवला. तो अजून कुरकुरत नाही. त्यावर काथ्या, काथ्यावर कापूस आणि वर निळं जाडसर कापड. काका गेले, तेव्हापासून काकू दुपारचा चहा माझ्यावरच बसून घेतात. "ह्यांच्या हातची खुर्ची आहे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतात.

मग काकूंची पुतणी शिकायला आमच्याकडे आली. सोबत ठिपकी नावाची मांजर घेऊन आली. झोपून उठली की ठिपकी अंग ताणी, माझ्या हातावर पुढचे पाय टेकवी आणि खर्र खर्र नखं ओढी. बघता बघता माझ्या उजव्या हाताच्या चिंध्या झाल्या. काकूंनी आरडाओरडा केला, पाण्याचा फवाराही मारला. ठिपकी शहाणी झाली नाही, चोरटी झाली. काकूंची पाठ वळली की ती माझ्या मागे जाऊन काम उरकून घेई.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई ठिपकीला लस टोचायला घरी आल्या, तेव्हा काकूंनी विषय काढलाच. "हिची नखं कायमची काढून टाका. नाहीतर मी हिला घरात ठेवणार नाही." पुतणीचा चेहरा एवढासा झाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, नुसतं नख निघत नाही हो. बोटाचं शेवटचं पेर कापावं लागतं."

काकू जन्मभर नर्स होत्या. त्यांनी आपल्याच बोटांकडे पाहिलं. "नको गं बाई! पण मग माझ्या खुर्चीचं काय?"

"ती खोडी काढत नाहीये. नखांवरची जुनी सालं उतरवते, अंग मोकळं करते. तिला ओरबाडायला तिचं स्वतःचं काहीतरी द्या. उंच आणि न हलणारं."

पुतणीने एका खांबाला दोरी गुंडाळली. खांब डुगडुगला आणि ठिपकीने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा काकूंनी काकांची हत्यारं बाहेर काढली, खाली रुंद फळी ठोकली आणि खांब कोपऱ्यात न ठेवता माझ्या अगदी शेजारी उभा केला. माझ्या हातांवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. ठिपकी आली, माझ्यावर पंजा ठेवला, झटकला, नाक मुरडलं आणि खांबाला भिडली.

"शाब्बास गं माझी बाई!" काकूंनी लगेच खाऊ पुढे केला. पुतणी अधूनमधून नखांची नुसती टोकं कापू लागली. पुढे चिकटपट्टीची गरजच उरली नाही. माझ्या हाताला नवं कापड लागलं. निळं मिळालं नाही म्हणून हिरवं. मला ते शोभतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मित्रांनो, मांजराने खुर्ची फाडली तर त्याला मारू नका, घाबरवू नका. त्याला त्याची जागा द्या, आम्ही खुर्च्या आपोआप वाचतो.

शिक्षण संपलं आणि पुतणी नोकरीच्या गावी निघाली. तिने मांजराची पेटी उघडली, तशा काकू पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हिला कुठे नेतेस? हिचा खांब इथे आहे."