चार सेकंदांत मिळाला

चाचणी विभागाच्या बाईंना त्या ड्रायव्हरचा मनस्वी राग होता. जखमी सैनिकाला आणायला जा, असा निरोप त्याच्या गाडीतल्या पडद्यावर गेला, बटण दाबून त्याने ‘मिळाला’ असं उत्तर दिल्याचंही नोंदलं गेलं, आणि हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. जखमी सैनिक गेला. निरोप आलाच नव्हता, हे ड्रायव्हरचं पालुपद. उद्या त्याच्या चौकशीचा निकाल होता. यंत्रणा निर्दोष असल्याचा बाईंचा शेरा फायलीत आधीच पडला होता. आजची चाचणी म्हणजे नुसता उपचार.

तरी करायचं ते रीतसर, हा बाईंचा खाक्या. त्यांनी खुद्द ड्रायव्हरलाच मैदानात नेऊन गाडीत बसवलं आणि शेजारी स्वतः बसल्या. यंत्रणेचा एकूणएक भाग त्यांनी टेबलावर तपासला होता. गाडीत बसून अख्खी मोहीम पाहण्याची वेळ मात्र आजवर आली नव्हती.

गाडी त्या दिवशीसारखीच टेकडीआड उभी होती. मुख्यालयातून सहायकाने निरोप सोडला. पडदा कोराच राहिला. फोनवर मात्र सहायक खुशीत म्हणाला, "मिळाला, बाई. चार सेकंदांत."

बाईंनी ड्रायव्हरच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते.

त्यांनी निरोप पुन्हा सोडायला लावला. पुन्हा चारच सेकंद. माणूस कधी तीन घेईल, कधी दहा. दर वेळी चार कसे?

मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी टेबलावर दिवसाला दोनशे वेळा ते बटण दाबून बोटं दुखायला लागली, तेव्हा त्यांनीच मुख्यालयाच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली होती. निरोप सुटला की, तो पोचो न पोचो, चार सेकंदांनी ‘मिळाला’ असं प्रोग्रॅमने आपणच धरायचं. चाचण्या संपल्यावर ती काढायची होती. राहून गेली.

शेरा, सही, तो गेलेला सैनिक, सगळं एकदम अंगावर आलं. तरी त्यांनी ड्रायव्हरला सगळं सांगितलं, ती ओळ कुणाची हेसुद्धा. तो शिव्या घालेल, निदान ओरडेल तरी, असं त्यांना वाटत होतं.

त्याने कोऱ्या पडद्याला बोट लावून पाहिलं.

"म्हणजे डुलकीत मी बटण दाबलं नव्हतं?" त्याने विचारलं. "दोन महिने सगळे तेच म्हणतायत, मॅडम. बायकोसुद्धा. शेवटी मलाही पटलं हो. आज सकाळीच कबुलीवर सही करून आलो."