उभी तूर

“बाईला उचला आणि पंप सुरू करा,” जीपमधून उतरताच रेंजर वीरेश साहेब म्हणाले.

तीन मजूर पाठीवर तणनाशकाचे पंप घेऊन बांधावर उभे होते. पुढे छातीएवढी तूर, पिवळ्या फुलांनी लगडलेली. आणि तुरीच्या मधोमध म्हातारी सिंधुबाई मांडी घालून बसलेली.

वनरक्षक पंचशीला तिला चांगली ओळखत होती. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला, तेव्हा ओली डहाळी घेऊन हीच म्हातारी तिच्याआधी वर पोचली होती. रान वनखात्याचं, कायदा इंग्रजांच्या काळचा. पण सिंधुबाईने कसत्या जमिनीवर हक्क सांगितला होता आणि त्याचा निकाल अजून लागायचा होता.

“साहेब, निकालाआधी कसं काढायचं त्यांना?”

“वरून हुकूम आहे. तुझं काम हुकूम पाळायचं.”

पंचशीला तुरीत शिरली. “मावशी, उठा. औषध लई जहरी हाय.”

सिंधुबाईने वर पाहिलं नाही. “माझ्या सासऱ्याला निजामाच्या जंगलखात्याच्या अमिनानं ह्याच रानातून हाकललं. त्याच्याबी अंगावर खाकीच होती. ते राज गेलं म्हणत्यात. कुठं गेलं, बाय?”

वारा पडला होता. एक पाखरूही बोलत नव्हतं. मागे कुणीतरी पंपाचा दांडा हलवला आणि उग्र वास नाकात शिरला.

“पंचशीला! नोकरी नको झाली का?”

घरी दम्याने बेजार आई, कॉलेजात शिकणारा भाऊ. घर तिच्याच पगारावर चालत होतं. ती हळूच सिंधुबाईशेजारी मातीत बसली.

“माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, साहेब.”

साहेब ओरडले नाहीत. तिच्याकडे पाहत शांतपणे म्हणाले, “बरं. आज राहू दे.”

संध्याकाळी निलंबनाचा आदेश निघाला. दोन दिवसांनी दुसरा वनरक्षक पोलीस घेऊन आला. त्यांनी सिंधुबाईला गाडीत घालून नेलं आणि तूर फवारली.

आठवड्याने पंचशीला साडी नेसून बसने आली. झाडं करपून माना टाकून उभी होती. पोलिसांनी सोडलेली सिंधुबाई एकेक झाड उपटत होती.

“कशाला आलीस, बाय?”

पंचशीलाने पदर खोचला आणि एक झाड उपटायला घेतलं.

सिंधुबाईने पदराची चिंधी फाडून तिच्यापुढे धरली. “हाताला गुंडाळ. फोड येत्यात.”

पंचशीलाने चिंधी गुंडाळली आणि शेजारची ओळ धरली.