ओकुनो वाडी: नोंदीत चार

लोकसंख्या, मार्च २०१६: ३,१०७

टोकियोत, फुनाबोरीच्या दोन खोल्यांच्या घरात बसून अंबरीषनं फुकुशिमाच्या डोंगरातलं एक अख्खं गाव आकड्यांत बसवलं होतं. माणसं किती, गायी किती, शाळेत मुलं किती, दवाखाना किती किलोमीटरवर. गावच्या कचेरीनं काम कंपनीला दिलं, कंपनीनं कंत्राटावरच्या अंबरीषला, आणि त्यानं ते मन लावून केलं. एका वाडीपुरता मात्र त्यानं हात आखडता घेतला, तोही जाणूनबुजून.

पासष्टच्या पुढचे: ४६ टक्के

त्यांतल्या एक हात्सुए-सान, वय एक्याऐंशी. पाहणीसाठी अंबरीष एकदाच तिकडे गेला, ऑक्टोबरात. ओकुनो ही सगळ्यात वरची वाडी. बस तिथून पुढे जातच नसे. हात्सुएबाईंनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला, मुळ्याच्या लोणच्याची बशी सरकवली आणि त्याच्या कागदात डोकावल्या.

"चार लिहिलंय?"

"नोंदवहीत चारच नावं आहेत, आजी."

"मग परसातले हे कपडे कुणाचे? भुतांचे?"

दोरीवर सात जणांचे कपडे वाळत होते. हात्सुएबाईंची धाकटी बहीण तोकिको, तिचा मुलगा-सून, नातवंडं. भूकंपानंतर अणुवीज केंद्र फुटलं आणि किनाऱ्यावरचं त्यांचं गाव रिकामं केलं गेलं, तेव्हापासून जवळजवळ पाच वर्षं हे सगळे इथेच होते. नावं मात्र अजून तिकडच्या कचेरीत.

"इकडे का लावून घेत नाही?" अंबरीषनं विचारलं.

तोकिको कपड्यांना लावलेले चिमटे काढत होती. वळली नाही. "तिथलं नाव काढलं की परत जायचं कशाला, असं सगळे म्हणतील. मीसुद्धा म्हणेन."

हात्सुएबाईंनी आपला फोन नंबर त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून दिला. काही विचारायचं राहिलं तर असावा म्हणून.

बस: दिवसाला दोन फेऱ्या

दहाहून कमी माणसं असलेल्या वाडीची बस बंद करायची, हे कचेरीनं काम देतानाच सांगितलं होतं. तोकिकोची नातवंडं त्याच बसनं शाळेत जात.

आकड्यांचा आधार: रहिवासी नोंदवही

"मग लिही ना अकरा," त्याची बायको मेधा पोळी लाटता लाटता म्हणाली.

"एका वाडीसाठी आधार बदलता येत नाही गं. आधी कंपनीत मोरिया-सानची परवानगी, मग कचेरीचा शिक्का. शुक्रवारी सबमिशन आहे."

"आणि पुढच्या आठवड्यात तुझं कंत्राट रिन्यू व्हायचंय."

"तसं नाही."

"तसंच आहे. अरे, तुझं स्वतःचं नाव अजून चिंचवडच्या रेशनकार्डात आहे! नऊ वर्षं झाली, तुझे बाबा कमी करू देत नाहीत. आला की लागेल म्हणतात. त्या कार्डावरून कुणी तुला मोजलं, तर तू इथे भुतासारखाच की."

अंबरीष हसला. मेधा हसली नाही.

"तळटीप तरी टाक. एक ओळ."

"सोमवारी विचारतो मोरिया-सानना."

अहवाल शुक्रवारी गेला. सोमवारी कंत्राटावर सही झाली, मोरिया-साननी मान लववून अभिनंदन केलं, आणि त्या घटकेला वाडीचा विषय काढणं त्याला बरं दिसेना. पुढच्या सोमवारीही दिसेना.

तळटीप: —

एप्रिलमध्ये ओकुनोची बस बंद झाल्याची सूचना त्यानं गावच्या वेबसाइटवर वाचली. त्या दिवशी त्यानं कचेरीला लांबलचक मेल लिहिली. उत्तर अतिशय नम्र आलं: लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, वेळापत्रक ठरून गेलं आहे, पुढील अहवालात योग्य ती नोंद घेऊ.

बाहेरून गावात आलेले: ७ (गेल्या वर्षी: ०)

पुढचा अहवालही त्याच्याकडेच आला. मोरिया-सान खुर्ची ओढून त्याच्या शेजारी येऊन बसल्या. "अंबरीष-सान, सात! हे पहिल्या पानावर घेऊ. कारण शोधून काढा."

सातही नोंदी एकाच दिवसाच्या होत्या, शाळेजवळच्या सरकारी वसाहतीतल्या. अंबरीष जिन्यात गेला आणि त्यानं हात्सुएबाईंना फोन लावला.

"हो, खाली राहायला गेले," त्या म्हणाल्या. "पोरांची शाळा बुडायला लागली. तिथं घर हवं तर नाव इथं लावावं लागतं. तोकिको कचेरीतून परत आली आणि दोन दिवस जेवली नाही."

"आजी, त्या वेळी मी चारच लिहिलं."

"माहीत आहे. मी पाहिलं होतं की."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. मग त्यांनी मेधाची चौकशी केली, यंदा बर्फ लवकर पडेल म्हणाल्या. एकदा येऊन भेटतो, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. कसे याल, असं त्यांनी विचारलं असतं.