चार वर्षं रिकामी राहिलेली तिजोरी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी तिजोरी आहे. ओहायोतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. भिंती चार बोटं जाड, कुलपं दोन. तिथून मला आयडाहोत आणलं, बटाट्याच्या शेतांमधल्या एका छोट्या शहरात. डॉ. हॅरिएट विन्स्लो यांनी आपल्या खोलीत मला बोल्ट मारून जमिनीला घट्ट बसवून घेतलं.

माझ्या पोटात गांजा ठेवायचा होता. दचकू नका. युद्धावरून परतलेल्या कितीतरी सैनिकांना झोप लागत नाही, जुन्या जखमा ठणकत राहतात. काही जण म्हणत, शेजारच्या राज्यात गांजा औषध म्हणून मिळतो, त्यानं आराम पडतो. खरंच पडतो की नुसता भास होतो, हे डॉक्टरबाईंना नीट तपासून पाहायचं होतं. त्यासाठी सरकारची परवानगी हवी होती, आणि परवानगीच्या आधी तिजोरी हवी होती. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यानं माझ्यावर बुक्की मारून पाहिली आणि 'भक्कम आहे' असा शेरा लिहिला. मी फुशारले. वाटलं, आता आठवड्याभरात काम सुरू होणार.

तपासणीत भाग घेणाऱ्या सैनिकांच्या यादीत पहिलं नाव क्लेटन ब्रीसचं होतं. इराकमध्ये तो लष्कराचा ट्रक चालवायचा. ट्रकखाली सुरुंग फुटला आणि त्याच्या पाठीचे मणके चेपले. दिवसाला अकरा गोळ्या. घेतल्या की ओंडक्यासारखा पडून राहायचा. नाही घेतल्या तर दुखण्यानं कळवळायचा, घरच्यांवर ओरडायचा. लेक जवळ यायला बिचकते, हे सांगताना तो खाली बघायचा. दर दोन-तीन महिन्यांनी चौकशीला येऊन माझ्या दारावर टकटक करायचा.

"काय तिजोरीबाई, आज तरी जेवलीस का?"

"उपाशीच आहे अजून," डॉक्टरबाई म्हणायच्या.

अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जायचा आणि नवा फॉर्म घेऊन परत यायचा. अशी चार वर्षं गेली. राज्याची सीमा गाडीनं तासाभरावर होती. पलीकडून आणून देतो, असं क्लेटनला एक मित्र म्हणाला होता. त्यानं नकार दिला.

"पकडलो गेलो तर लेकीच्या शाळेत काय तोंड दाखवू?" तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "मी गणवेश घातलेला माणूस आहे. मला चोरून नकोय. सरळ हातात द्या."

चौथ्या वर्षीच्या मार्चमध्ये क्लेटन गेला. दुखणं सोसेना म्हणून त्यानं गोळ्या वाढवल्या होत्या. झोपेतच श्वास थांबला.

परवानगीचं पत्र अकरा आठवड्यांनी आलं.

मग गांजाच्या बरण्या आल्या आणि डॉक्टरबाईंनी त्या एकेक करून माझ्यात ठेवल्या. त्याच दिवशी क्लेटनची बायको मारिसा उरलेल्या गोळ्या परत करायला आली. माझं दार उघडं होतं. ती बराच वेळ त्या बरण्यांकडे बघत राहिली.

"यानं तो वाचला असता का?"

"मला माहीत नाही, मारिसा. तेच तर शोधायचं होतं."

मारिसा तिथल्याच खुर्चीत बसली. डॉक्टरबाईही तिच्याजवळ बसल्या.

यादीतल्या बेचाळीस जणांपैकी सव्वीसच आले. काहींना झोप लागू लागली, काहींना काडीचाही फरक पडला नाही. एवढ्या थोड्या माणसांवरून ठाम काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरबाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं आणि मोठ्या अभ्यासासाठी पुन्हा अर्ज केला. उत्तर येण्याआधी त्या निवृत्त झाल्या. माझे बोल्ट काढून मला तळघरात ढकललं गेलं. आता बिजागऱ्यांना गंज चढलाय.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. पोलाद थांबू शकतं. त्या चार वर्षांत माझं काहीच बिघडलं नाही. माणसाचं तसं नसतं. उद्या तुमच्यापैकी कुणी मोठ्या टेबलामागे बसेल आणि समोर असाच एखादा अर्ज येईल. हो म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण ज्यांच्यासाठी तो आलाय त्यांची नावं एकदा वाचा, आणि त्यांच्यातला प्रत्येक जण जिवंत आहे तोवर उत्तर द्या.